परवानगीशिवाय खाजगी जागेतून गेलेली केबल: हटवण्याआधी तिचा अधिकार विचारा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. काही वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या भूखंडावर नव्या बांधकामाचा पाया खणताना जमिनीखालून तिरकी गेलेली एक जाड काळी केबल लागली. शिवाय जुन्या घराच्या भिंतीवर बारीक केबलींचा झुबका ठोकलेला असून तो शेजारच्या घरांकडे जातो. खरेदीखतात यातील कशाचाच उल्लेख नाही, आपली परवानगी कोणी घेतलेली नाही, आणि फोनवर विचारणा केल्यावर "केबल जुनी आहे, हलवायची असेल तर खर्च तुमचा" एवढेच उत्तर मिळाले. केबल कापता येईल का, भरपाई मिळेल का आणि हलवण्याचा खर्च कोणी सोसायचा, असे आपण विचारले आहे. अशा प्रकरणांत मी कंपन्यांच्या बाजूनेही बोलणी केली आहेत आणि जागामालकांच्या बाजूनेही, त्यामुळे दोन्हीकडच्या कागदांत काय असते आणि काय नसते याची कल्पना आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: केबल कापू नका, उपटू नका आणि मजुरांनाही हात लावू देऊ नका. बाहेरून काळे आवरण दिसते म्हणून आत काय आहे हे कळत नाही. पोलादी पट्ट्यांचे कवच असलेली ऑप्टिकल फायबर केबल आणि वीजपुरवठ्याची केबल खड्ड्यातल्या मातीत सारखीच दिसतात. उच्चदाबाच्या केबलमध्ये पहार घुसली तर होणाऱ्या ठिणगीस्फोटात माणूस जागीच भाजतो. घरात वीज नाही किंवा केबल "बंद पडलेली आहे" असे कोणी सांगितले, तरी ती दुसऱ्या टोकाकडून प्रवाहित असू शकते. दूरसंचार केबलीही अगदी निरुपद्रवी नसतात. तांब्याच्या टेलिफोन जोडीवर साधारण 50 व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि घंटी वाजताना तो वाढतो; केबल टीव्हीच्या मुख्य कोअॅक्सियल वाहिनीतून वर्धकांना चालवण्यासाठी 60 ते 90 व्होल्टचा पुरवठा जात असतो; फायबरमधला लेसर अवरक्त असल्याने डोळ्यांना दिसत नाही, पण तुटलेल्या टोकात डोकावणाऱ्याच्या डोळ्यांना इजा करू शकतो. कायद्याच्या अंगानेही कापणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. आज आपण अन्याय झालेले जागामालक आहात. केबल तोडताच आपण इतरांची सेवा खंडित करणारे प्रतिवादी होता, आणि पुढची सगळी चर्चा त्या एका कृत्याभोवती फिरत राहते.

खर्च कोणाचा हा वाद सुरू करण्याआधी ती केबल कोणाची, कशाची आणि केव्हाची हे निश्चित झाले पाहिजे. खड्ड्यात केबल उघडी पडली असेल तर तिला न हलवता, कोरड्या फडक्यानेही न पुसता, आवरणावरची अक्षरे दिसतील असे जवळून फोटो घ्या. बहुतेक वीज व फायबर केबलींच्या आवरणावर ठरावीक अंतराने निर्मात्याचे नाव, दाबाचा वर्ग, तारांची संख्या आणि पुष्कळदा उत्पादनाचे वर्ष छापलेले किंवा उठवलेले असते. या वर्षाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण वादात ते फार उपयोगी पडते, कारण केबल तयार होण्याआधी ती जमिनीत टाकली गेली असणे शक्यच नसते. "तीस वर्षांपासून इथेच आहे" हा दावा अशा एका फोटोने निकालात निघालेला मी पाहिला आहे.

खोलीवरूनही अंदाज येतो. भारतीय मानक 1255 नुसार लघुदाबाची केबल साधारण 75 सेंटीमीटर, 11 किलोव्होल्टपर्यंतची 90 सेंटीमीटर आणि 22 व 33 किलोव्होल्टची 1.05 मीटर खोल असावी, आणि वर वाळू, विटा किंवा फरश्यांचे संरक्षण असावे. त्याहून उथळ आणि वर काहीच संरक्षण नसलेली केबल सापडली, तर एकतर नंतर जमिनीची पातळी कमी झाली आहे किंवा काम घाईत उरकले आहे; दोन्ही शक्यता लेखी नोंदवून ठेवा. पुढचा माग केबल लोकेटरने काढावा. वीजवाहिनीतून प्रवाह चालू असेल तर हे यंत्र तिची वारंवारिता आपोआप टिपते, पण भार नसलेली केबल तशी सापडत नाही, म्हणून संकेत निर्माण करणाऱ्या वेगळ्या उपकरणाने केबलमध्ये संकेत सोडून शोधावे लागते. आणि आत धातू नसलेली फायबर केबल तर सोबत मागकाढणीची तार टाकलेली नसेल तर लोकेटरला दिसतच नाही. कंपनीचा नकाशा मिळाला तरी तो मार्ग दाखवणारा समजावा, जागा सिद्ध करणारा नव्हे. खात्री हाताने खणलेल्या चाचणी खड्ड्यातच होते.

याच टप्प्यावर एक कंटाळवाणे पण टाळता न येणारे काम आहे: हद्दीची मोजणी. केबल आपल्या कुंपणाच्या आत आहे म्हणजे ती आपल्या मालकीच्या जागेत आहेच असे नाही. पूर्वीच्या मालकाने कुंपण रस्त्याच्या हद्दीत सरकवलेले असते, सामाईक बोळ एका बाजूने घेतलेला असतो, किंवा भिंतच शेजाऱ्याबरोबर सामाईक असते. मोजणी न करता कडक नोटीस पाठवणाऱ्याला समोरून स्वतःच्याच अतिक्रमणाचा नकाशा परत आल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपली पहिली मागणी "केबल काढा" अशी असू नये. ती "ही केबल कोणत्या अधिकाराने येथे आहे, त्याचा कागद द्या" अशी असावी. पहिल्या मागणीला कंपनी खर्चाचा अंदाज पाठवते आणि काढण्याचा खर्च जणू आपलाच आहे असे गृहीत धरले जाते. दुसऱ्या मागणीला मात्र तिला आपल्या जुन्या फायली उघडाव्या लागतात, आणि त्या फायलींत पुष्कळदा काहीच नसते. अधिकार नसेल तर हलवण्याचा खर्च आपल्या माथी मारण्याला आधार उरत नाही. अधिकार असेल तर त्याच्या अटी काय आहेत हे कळल्याशिवाय आपणही योग्य मागणी करू शकत नाही.

अधिकार चार वाटांनी येऊ शकतो. पहिली वाट म्हणजे पूर्वीच्या मालकाची परवानगी. अमेरिकेतील लोरेटो विरुद्ध टेलीप्रॉम्प्टर हा गाजलेला खटला अशाच परिस्थितीतून उभा राहिला: न्यूयॉर्कमधील एक इमारत 1971 मध्ये विकत घेतल्यावर नव्या मालकिणीला कळले की आधीच्या मालकाच्या संमतीने छतावरून केबल टीव्हीची वाहिनी गेलेली आहे. साधी, नोंदणी न झालेली परवानगी ही बहुधा व्यक्तिगत सवलत असते आणि मालक बदलल्यावर ती नव्या मालकाला आपोआप बांधून ठेवत नाही. नोंदणीकृत दस्तऐवजाने दिलेला हक्क मात्र जमिनीबरोबर चालत येतो. म्हणून कंपनीने "परवानगी होती" असे म्हटले की ती कोणी, कोणत्या स्वरूपात, किती मुदतीसाठी दिली आणि तिची नोंदणी झाली का, हे लगेच विचारावे. दुसरी वाट म्हणजे खरेदीखतात किंवा त्याआधीच्या दस्तांत राखून ठेवलेला सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक वापर करण्याचा हक्क. त्यासाठी केवळ आपले खरेदीखत नव्हे, तर मागच्या हस्तांतरांचे दस्तही वाचले पाहिजेत.

तिसरी वाट दीर्घ वापराची आहे आणि जागामालकांना सर्वांत महाग पडते ती हीच. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 च्या कलम 15 मध्ये आणि इंग्लंडच्या 1832 च्या प्रिस्क्रिप्शन कायद्यात 20 वर्षांच्या अखंड वापराचा निकष आहे. मात्र केवळ वर्षे भरून भागत नाही. वापर उघड, शांततापूर्ण आणि हक्क म्हणून केलेला असावा लागतो. मालकाला कळूच शकत नव्हती अशी जमिनीखाली दडलेली केबल "उघड" होती असे सिद्ध करणे कठीण असते, तर भिंतीवर ठोकलेल्या केबलींबाबत तोच युक्तिवाद सोपा होतो. यातून एक उलटे वाटणारे पण व्यवहारात फार उपयोगी तत्त्व निघते: तुम्ही स्वतःहून लेखी, तात्पुरती आणि रद्द करता येणारी परवानगी दिली, तर त्यानंतरचा वापर हक्क म्हणून न राहता तुमच्या मर्जीने चाललेला ठरतो आणि दीर्घ वापराचा दावा तिथेच अडतो. चीड येऊन गप्प बसणाऱ्या मालकापेक्षा शांतपणे दोन ओळींचे परवानगीपत्र देणारा मालक सुरक्षित असतो.

चौथी वाट कायद्याने दिलेल्या अधिकाराची, आणि येथे देशागणिक फरक पडतो. भारतात वीज अधिनियम, 2003 खालील 2006 च्या परवानाधारकांच्या कामांविषयीच्या नियमांनुसार वाहिनी टाकण्यासाठी मालकाची किंवा भोगवटादाराची पूर्वसंमती लागते. त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते, आणि नंतर पुरेसे कारण दाखवल्यास तेच अधिकारी वाहिनी हटवण्याचा किंवा बदलण्याचा आदेश देऊ शकतात. वीज अधिनियमाच्या कलम 164 खाली शासनाने लेखी आदेशाने कंपनीला तार (टेलिग्राफ) अधिकाऱ्याचे अधिकार दिलेले असतील तर चित्र बदलते: तेव्हा 1885 च्या भारतीय तार अधिनियमातील तरतुदी लागू होतात, ज्यांत मालकाच्या संमतीची पूर्वअट नाही, पण कंपनीला केवळ वापराचा हक्क मिळतो, जमिनीत अन्य कोणताही हक्क नाही, नुकसान कमीत कमी करावे लागते आणि पूर्ण भरपाई द्यावी लागते. म्हणून वीज कंपनीकडून नेमका कलम 164 चा आदेश मागावा. मोठ्या पारेषण वाहिन्यांसाठी तो असतो. वस्तीतल्या वितरण केबलसाठी तो आहे असे नुसते गृहीत धरू नये. दूरसंचारासाठी आता दूरसंचार अधिनियम, 2023 आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेले मार्गाधिकार नियम आहेत. त्यांत खाजगी जागेसाठी मालकाकडे अर्ज करून करार करणे हीच पहिली पायरी आहे.

ब्रिटनमध्ये वीज वाहिनीबाबत 1989 च्या वीज कायद्याची चौथी अनुसूची वाचावी. तिथे वाहिनीचा हक्क संपलेला असताना मालकाने हटवण्याची नोटीस दिली, तर कंपनीला तीन महिन्यांत सक्तीच्या हक्कासाठी अर्ज करावा लागतो, नाही तर वाहिनी काढावी लागते. दूरसंचार कंपन्यांसाठी 28 डिसेंबर 2017 पासून नवी इलेक्ट्रॉनिक कम्युनिकेशन्स कोड लागू आहे, आणि तिच्याखालचा करार लेखी व सहीचा असावाच लागतो. अमेरिकेत लोरेटो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये असे ठरवले की कायद्याच्या आधाराने बसवलेली बारीकशी केबलसुद्धा कायमचा भौतिक ताबा असल्यामुळे भरपाईस पात्र आहे. अशा कोणत्याही कायद्याचे कवच नसलेले छोटे इंटरनेट किंवा केबल टीव्ही चालक मात्र सगळीकडे सारख्याच स्थितीत असतात: कागद नसेल तर ते सरळ अतिक्रमण आहे.

भरपाईबाबत आपली अपेक्षा थोडी खाली आणावी लागेल. न्यायालये तत्त्व मान्य करतात, रक्कम मात्र हात आखडून देतात. इंग्लंडमध्ये एका तेल कंपनीने मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जमिनीखालून, 800 ते 2,800 फूट खोलीवर, तिरक्या विहिरी नेल्या होत्या. 2010 च्या बोकार्डो निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते अतिक्रमणच ठरवले. पण खालच्या न्यायालयाने दिलेली सहा लाखांहून अधिक पौंडांची भरपाई मिळाली नाही, हाती आले ते 1,000 पौंड. लोरेटो प्रकरणाच्या मुळाशीही न्यूयॉर्कच्या आयोगाने ठरवलेली एक डॉलर ही भरपाई होती. म्हणून गेल्या वर्षांचे भाडे वसूल करण्यामागे लागण्यापेक्षा पुढच्या बांधकामातला अडथळा दूर करून घेणे जास्त हितकारक असते. मंजूर आराखड्यात पायाच्या रेषेवर केबल येते हे दाखवता आले की आपली बाजू एकदम बळकट होते, कारण मग प्रश्न मालकाच्या नाराजीचा न राहता जागेच्या वैध वापराचा होतो. 1885 च्या तार अधिनियमाचे कलम 17 सुद्धा याच विचाराने लिहिलेले आहे: मालकाला जागेचा असा वापर करायचा असेल की वाहिनी हलवणे आवश्यक किंवा सोयीचे ठरेल, तर तो तशी मागणी करू शकतो, आणि आधी भरपाई दिली गेली असेल तरच त्याने हलवण्याचा खर्च किंवा त्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जे कमी असेल तेवढे भरायचे असते. ज्या मालकाला कधी भरपाईच मिळाली नाही, त्याच्याकडून सगळा खर्च मागणाऱ्या कंपनीला हे कलम अवश्य वाचून दाखवावे.

कंपनीला पाठवायच्या पत्रात राग नको, तपशील हवा. मोजणीचा नकाशा, फोटो, केबल सापडल्याची तारीख आणि आवरणावरील मजकूर जोडून चार गोष्टी मागा: संमतीपत्राची किंवा शासन आदेशाची प्रत, केबल टाकल्याची तारीख, मंजूर मार्गाचा नकाशा, आणि ती सध्या चालू आहे की निकामी. त्याच पत्रात स्पष्ट लिहा की आपण आजवर कोणतीही परवानगी दिलेली नाही, मौनाचा अर्थ संमती असा घेऊ नये आणि आपले सर्व हक्क राखून ठेवले आहेत. बांधकामाचे वेळापत्रक देऊन उत्तरासाठी वाजवी मुदत ठेवा. पत्र पोचपावतीसह जावे. फोनवरचे बोलणे झाले की त्याच दिवशी त्याचा सारांश ईमेलने पाठवावा. कंपनी सरकारी असेल तर भारतात 2005 च्या माहिती अधिकार कायद्याचा समांतर अर्ज केल्यास अनेकदा पत्रापेक्षा लवकर कागद हाती येतात. या काळात एखाद्या कर्मचाऱ्याने पुढे केलेल्या "ना हरकत" पत्रावर सही करू नका आणि किरकोळ रक्कमही स्वीकारू नका. मुदत व मार्ग न लिहिलेले ते एक पान कंपनीला आजवर नसलेला हक्क देऊन जाते.

न्यायालयात जाण्याची वेळ आली तर काळाला फार महत्त्व आहे. खोदकाम चालू असताना मागितलेला तात्पुरता मनाई हुकूम आणि वर्षानुवर्षे सेवा देत असलेली वाहिनी हटवण्याचा आदेश यांच्याकडे न्यायाधीश एकाच नजरेने पाहत नाहीत. इंग्लंडमधील 1895 चा शेल्फर खटला वीज कंपनीविरुद्धच होता, आणि त्यातून मनाईऐवजी पैशात भरपाई केव्हा द्यावी याचे निकष आले: इजा लहान, पैशात मोजता येणारी, पैशाने भागणारी, आणि मनाई दिल्यास समोरच्यावर जाचक ठरेल अशी असावी. भारतात 2018 च्या दुरुस्तीनंतर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 41 मध्ये पायाभूत सुविधा प्रकल्पांना अडथळा किंवा विलंब होईल असा मनाई हुकूम न देण्याची तरतूद आली आहे, आणि वीज वितरण व दूरसंचार त्या यादीत आहेत. त्यामुळे "काढाच" एवढीच मागणी न करता पर्यायी मार्गाचा नकाशा जोडून "येथून तेथे हलवा" अशी मागणी केली तर ती मान्य होण्याची शक्यता जास्त असते.

भिंतीवरच्या केबलींचे काम तुलनेने सोपे आहे. त्यांतली आपल्या घराला सेवा देणारी केबल वेगळी काढा. तिच्यासाठी आपण ग्राहक म्हणून संमती दिलेली असते, पण त्या संमतीत शेजाऱ्यांच्या जोडण्या येत नाहीत. बाकीच्या प्रत्येक चालकाला आणि ज्या शेजाऱ्याची जोडणी आहे त्यालाही कळवून ठरावीक तारखेपर्यंत केबल सार्वजनिक बाजूने वळवायला सांगा. भिंतीत खिळ्यांमुळे ओल उतरत असेल तर तिचे फोटो जोडा. मालक रंगकाम काढतो आहे असे कळले की ही मंडळी बहुधा स्वतःच येतात, कारण वादात पडण्यापेक्षा केबल सरकवणे त्यांना स्वस्त पडते.

जमिनीखालची केबल तिथेच राहू द्यायचे ठरले, उदाहरणार्थ ती कडेला सरकवून, तर करार करताना मार्ग आणि पट्ट्याची रुंदी नकाशावर मापांसह दाखवा, केबलींची संख्या लिहा, मुदत ठेवा, आणि पुढे बांधकामासाठी गरज पडल्यास कंपनीने स्वखर्चाने ती हलवावी ही अट घाला. दुरुस्तीसाठी आत येण्याआधी सूचना, खोदकामानंतर जागा पूर्ववत करणे, अपघाताची जबाबदारी आणि निकामी झालेली केबल काढून नेणे हेही लिहून घ्या. हक्क दुसऱ्या कंपनीला देण्यापूर्वी आपली लेखी संमती लागेल हे कलम विसरू नका. फायबर वाहिन्यांचे मालक वारंवार बदलतात आणि तेव्हा कोणाला पत्र लिहायचे हेच कळेनासे होते.

आपल्या पायाच्या खोदकामाबाबत सांगायचे तर, केबलची दोन्ही बाजूंना हद्द निश्चित होईपर्यंत त्या पट्ट्यात यंत्र चालवू नका. खुणा केलेल्या वीजवाहिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत हाताने धरायची यांत्रिक हत्यारेही वापरू नयेत, असे ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शनात सांगितले आहे आणि ते कुठेही पाळण्याजोगे आहे. उघड्या पडलेल्या केबलला खालून आधार द्या, तिच्यावर लटकते वजन येऊ देऊ नका, आणि कंत्राटदाराला तिच्या जागेची लेखी सूचना देऊन त्याची सही घ्या. वास्तुविशारदाकडून पायाच्या नकाशावर केबलची रेषा आखून घेतली की तोच नकाशा कंपनीला पाठवायच्या पत्राला जोडता येईल.